बंद घरं बघत फिरणाऱ्यांनो, लिहा : बेळगाव, खानापूर, निपाणी आणि आसपास

सुट्टीला गावी आलं की लोक चोर्ल्याला जातात, आंबोलीला जातात, गोकाकचा धबधबा बघून येतात. मी बंद घरं बघत फिरतो. खानापूरच्या पश्चिमेची गावं, चिकोडी-निपाणीकडचे वाडे, बेळगावच्या जुन्या गल्ल्या. असा छंद असणारे आणखी बरेच आहेत हे मला ठाऊक आहे, म्हणून हा धागा.

आपल्या भागात बंद घरांना तोटा नाही. पोरं पुण्याला, मुंबईला, गोव्याला गेली. म्हातारी होती तोवर चूल पेटायची, ती गेली आणि कडीला कुलूप लागलं. काही घरं भाऊबंदकीत अडकलीत. वाटणी होईना, तोवर फुटलं कौल बदलायलासुद्धा कुणी पुढं येत नाही. २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरात तर नदीकाठच्या मातीच्या भिंती कितीतरी बसल्या, आणि त्यातली बरीच घरं पुन्हा उभी राहिलीच नाहीत.

माझा नेम एकच : आधी शेजारच्या सोप्यात जाऊन बसायचं. "कुणाचा रे तू? इकडं काय बघुलास?" असं विचारणारी एक आजी असतेच. गाव सांगायचं, आडनाव सांगायचं, कशासाठी आलो ते खरं सांगायचं. बहुतेक वेळा किल्ली तिच्याच देवळीत असते. ती मालकाला फोन लावते, मग स्वतः उठून दार उघडते आणि आत येऊन एकेक खोली सांगते. इथं बाळंतीण झोपायची, ही धाकट्या जावेची चूल, हे बळद भातानं गळ्यापर्यंत भरायचं. भिंत चढून आत उडी मारणाऱ्याला दिसतं ते रिकामं घर. तिच्याबरोबर गेलं तर भरलेलं दिसतं.

जांबोटीकडच्या एका घरात असंच माजघर बघितलं. जांभ्या चिऱ्यांच्या भिंती, वर सागवानी तुळई, पाळण्याच्या कड्या अजून तिथंच. देवघराच्या फडताळात मोडीतल्या कागदांचा गठ्ठा होता. मी हात लावला नाही. मालकांना फोनवर सांगितलं की हे वाचणारी माणसं आजही भेटतात, रद्दीत घालू नका. बेळगाव जिल्हा १९५६ च्या १ नोव्हेंबरपर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळं जुन्या घरांत शेताचे, देण्याघेण्याचे कागद मराठीत आणि त्याआधीचे मोडीत सापडतात. घराचा इतिहास कळायला त्याहून खात्रीचं दुसरं काही नाही.

तुमचं लिहा. कुठलं घर, कुणी आत नेलं, काय बघितलं. मालकांची नावं आणि नेमका पत्ता मात्र नको.

खानापूरकर

मी गवंड्याच्या घरातला. म्हणून मी आत शिरायच्या आधी घराभोवती एक फेरी मारतो आणि नुसतं छप्पर बघतो. घर मरतं ते वरून. माकडानं किंवा वाऱ्यानं एक कौल सरकतं. पहिल्या पावसात तिथून पाणी वाशावर येतं, वासा कुजतो, शेजारची चार कौलं खाली बसतात. दुसऱ्या वर्षी पाणी भिंतीच्या डोक्यावर. माती फुगते, वाळवी चढते आणि एका रात्री अख्खी भिंत आडवी. आमच्याकडच्या पावसात माणूस नसलेलं घर टिकायचं तर मिरगाच्या आधी दरसाल कौलं परतून घ्यावीच लागतात. चिरेबंदी भिंत त्यातल्या त्यात तग धरते, पण छप्पर गेलं की तिचंही काही खरं नाही.

पडलेलं कौल सापडलं तर उलटं करून बघा. मंगळूरच्या कौलांवर कारखान्याचं नाव असतं आणि खाली १८६५ किंवा १८६८ असा आकडा. पुष्कळ जण तोच घराचा सन समजतात. तो कारखाना निघाल्याचा सन असतो. बासेल मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेनं १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढला आणि पुढं कितीतरी वर्षं तोच आकडा ठशात राहिला. आमच्या खानापूरची माती कौलाला चांगली म्हणून इथंही कारखाने झाले. एकाच छपरावर दोन्हीकडची कौलं दिसली तर समजा, मधे कधीतरी दुरुस्ती झालीय. त्याच्याही आधीची नळ्याची कौलं गोठ्यावर नाहीतर परसातल्या न्हाणीवर टिकून असतात, कारण नवी कौलं आधी सोप्यावर चढवायची आणि उतरलेली मागं टाकायची, अशी रीत होती.

निपाणीची

आमच्याकडं घरांपेक्षा वखारी जास्त रिकाम्या. तंबाखूच्या. मी माझ्या मामांबरोबर एका वखारीत गेले होते. वीसेक वर्षं तिथं पान आलेलं नाही, तरी दार उघडल्याबरोबर घशात खवखव झाली. उंच भिंती, वर छोटे झरोके, खाली फरशीवर बोदांच्या, म्हणजे तंबाखूच्या गठ्ठ्यांच्या, रांगांचे डाग. मामा म्हणाले, "हितं बायका दिवसभर पान चाळत बसायच्या, तोंडाला पदर बांधून." ते तरुणपणी १९८१ च्या आंदोलनात रस्त्यावर बसले होते. तंबाखूला भाव मिळावा म्हणून शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी पुणे-बंगळूर रस्त्यावर शेतकरी बसवले होते आणि ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला, माणसं गेली. मामा रस्त्यावरचं एरवी बोलत नाहीत. त्या वखारीत मात्र बराच वेळ बोलले, कोण कुठं बसलं होतं, कुणी भाकऱ्या बांधून आणल्या होत्या. मी मध्ये बोलले नाही. तुम्ही वखार बघायला जाणार असाल तर त्या धंद्यात हात काळे झालेलं कुणीतरी बरोबर घ्या.

पुण्यात राहणारा

मी पलीकडच्या बाजूनं लिहितो. हुक्केरी तालुक्यातलं एक बंद घर आमचं आहे.

गेल्या वर्षी कुणीतरी मागच्या भिंतीवरून आत जाऊन त्याचा व्हिडिओ केला. 'भुताचा वाडा' असं नाव दिलं, मागं भीतीदायक संगीत घातलं. माझ्या आजीची खोली दाखवून तिथं म्हणे एका बाईनं जीव दिला होता. माझी आजी ऐंशी पार करून, नातवंडांच्या मांडीवर गेली. आईनं तो व्हिडिओ बघितला आणि दोन दिवस जेवली नाही. त्यानंतर टोळकी येऊ लागली. दिंडी दरवाजाची पितळी कडी गेली, मग जातं गेलं. जातं कशाला नेलं असेल, मला कळत नाही.

आम्ही घर टाकलेलं नाही. तिघा काकांच्या सह्या व्हायच्यात, त्यातले एक अंथरुणाला खिळलेत. घरपट्टी दरसाल भरतो. कुणी फोन करून "बघायला येऊ का" म्हणालं असतं तर चुलतभावाला पाठवलं असतं, चहा केला असता. वर शेजारच्या आजीचं लिहिलंय ते वाचून बरं वाटलं. आमच्याही शेजारी एक आहेत. त्यांना कुणी विचारलंच नाही.

वकील, बेळगाव

वरच्या अनुभवाला धरून थोडक्यात. दार मोडकं असो वा नसो, मालकाच्या संमतीशिवाय आत जाणं धोक्याचं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये गृह-अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत कैद आहे. मालक कोण ते ग्रामपंचायतीच्या घर-नोंदीत कळतं. भीमगड हे २०११ पासून अभयारण्य आहे, तिथल्या जंगलातल्या गावांकडं जायचं तर वनखात्याची परवानगी आधी. परवानगीची कटकट नको असेल तर कित्तूरला जा. राणी चन्नम्मांचा पडका वाडा सगळ्यांना खुला आहे, आणि इंग्रजांशी १८२४ ची लढाई जिथं झाली तिथं उभं राहून न्हाणीघरं, मुदपाकखाना, जाड भिंती निवांत बघता येतात.

रामनगरहून

माझ्या आईचं माहेर सुप्याचं. काळी नदीवर धरण झालं आणि सुपा पाण्याखाली गेलं, माणसं इकडं रामनगरला आली. आजोबांनी येताना दारं, चौकटी, माजघराचे खांब बैलगाडीतून आणले. आमच्या आताच्या सिमेंटच्या घराला पुढचं दार सुप्याचंच आहे, उंबऱ्यासकट. त्यामुळं तुम्ही घर बघायला जाता तशी मला जागाच नाही. आई धरणाच्या काठावर गेली की हात करून सांगते, "त्या तिथं आमचं परसू." मी बघतो, पाणी असतं. तरी दरवेळी विचारतो, कारण दरवेळी ती एक नवी गोष्ट सांगते. मागच्या खेपेला फणसाच्या झाडाचं सांगितलं.

हिडकलच्या धरणातलं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात पाणी उतरलं की उघडं पडतं. तिथं मी मुद्दाम आईला घेऊन गेलो. तिनं दगडाला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही.

सर्पमित्र, बेळगाव तालुका

जरूर जा, पण तयारीनं. उजेडी जा, पायात घोट्यावर येणारे बूट घाला. कौलांचा, लाकडांचा ढीग हातानं उचलू नका, काठीनं हलवा. घोणस पाचोळ्यात दिसत नाही आणि मण्यार भिंतीच्या भेगेत पडून असते. चावलं तर कापाकापी, करकचून बांधणं, मंत्र काही नको. हातपाय न हलवता १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना. वटवाघळं असलेल्या खोलीत वाळलेल्या विष्ठेची धूळ उडते, तिच्यातली बुरशी फुप्फुसात जाते. एन-९५ मास्क लावा. माळ्यावर चढू नका. परसातल्या जुन्या आडात उतरायचं तर अजिबात मनात आणू नका, तळाशी श्वासाला हवा नसते.

कणकुंबीकडची वहिनी

आमचं घर वर्षभर बंद असतं, पण चवथीला उघडतं. गणपती गावच्या घरातच बसतो, त्याला दुसरीकडं नेत नाहीत. आदल्या आठवड्यात आम्ही दोघी जावा येतो. जमीन सारवतो, गणपतीवर टांगायची माटवी बांधतो, जळमटं काढतो. तुम्हाला बंद घरं बघायचीत ना, मग चवथीला आमच्या भागात या. अर्ध्या गावाची कुलपं त्या दिवसांत निघालेली असतात, कुणी बिचकत नाही, उलट ताट वाढतात. एरवी फळीला टेकलेला पाट, आजेसासूचा पितळी हंडा, सगळं वापरात दिसेल.

येण्याआधी कळवा मात्र. आमच्याकडं मीटर काढून नेलाय, बॅटरी आणा. आणि पाऊस असतोच, इरलं देऊ.