मदत हवी आहे: झुकरमनला कुठल्या क्रमाने वाचावं?

अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथचा मानसपुत्र, म्हणजे त्याच्या अनेक कादंबऱ्यांत येणारा काल्पनिक लेखक नेथन झुकरमन, मला भलताच जवळचा वाटू लागलाय. ‘द घोस्ट रायटर’मध्ये (1979) वरच्या खोलीतलं बोलणं ऐकू यावं म्हणून तो हेन्री जेम्सचं पुस्तक पायाखाली घेऊन टेबलावर उभा राहतो. लेखक होण्याची सगळी भूक त्या एका प्रसंगात दिसते! मग मी थेट ‘एक्झिट घोस्ट’ (2007) उघडलं. तिथे तो एकाहत्तरीचा, आजारी. मधलं आयुष्य निसटल्याची रुखरुख लागलीये.

आता प्रकाशनक्रमानेच जावं, की आधी ‘अमेरिकन पॅस्टोरल’ (1997) घ्यावं? आणि ‘माय लाइफ अ‍ॅज अ मॅन’मधला (1974) झुकरमन तर दुसऱ्याच एका काल्पनिक लेखकाने रचलेला आहे. त्याला हाच झुकरमन मानायचं का? ज्यांनी सगळं वाचलंय त्यांनी कृपया सांगा.