मदत हवी आहे: रोल-प्लेइंग गेमवर कायद्याने बंदी आल्याचा मेसेज खरा का?

वीसबाजू_फासा
"अमेरिकेत टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमवर कायद्याने बंदी, नियमपुस्तकाची पीडीएफ जवळ ठेवणंही गुन्हा" असा मेसेज स्क्रीनशॉटसकट फिरतोय. त्यात 'एच. आर.' आणि पुढे एक क्रमांक आहे, साल नाही. नेटवर शोधलं तर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या अशाच एका प्रसिद्ध खेळावरच्या बंदीच्या बातम्या खरोखरच सापडतात. मग हे कसं तपासायचं? लोक घाबरून पीडीएफ उडवायला निघालेत.

कलमवाचक
आधी कुणालाही काही उडवू देऊ नका.

'एच. आर.' म्हणजे अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मांडलेलं विधेयक. 'एच. रेस.' असेल तर तो नुसता ठराव, त्याने कायदा होत नाही. स्क्रीनशॉटमध्ये ही अक्षरं कापली गेलेली असू शकतात, म्हणून नीट बघा. साल नसलेला क्रमांक निरुपयोगी आहे, कारण दर दोन वर्षांनी नवी काँग्रेस (अमेरिकेची संसद) बसते आणि क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होतात. काँग्रेस डॉट गव्ह या तिच्या अधिकृत संकेतस्थळावर क्रमांक टाकताना कितवी काँग्रेस तेही निवडा. ११८वी जानेवारी २०२३ ते जानेवारी २०२५ अशी होती, त्यावरून मागची-पुढची मोजता येईल.

विधेयकाच्या पानावर ते कुठवर पोचलंय ते दिसतं. 'मांडले' आणि 'समितीकडे पाठवले' एवढंच असेल तर ती नुसती सुरुवात आहे, बहुतेक विधेयकं तिथेच पडून राहतात. दोन्ही सभागृहांत मंजूर होऊन राष्ट्राध्यक्षांकडे गेलं आणि कायदा झाला, की त्याला 'पब्लिक लॉ' असा वेगळा क्रमांक मिळतो. तो दाखवा म्हणून मेसेज पाठवणाऱ्याकडे मागणी करा. राज्याचा कायदा असल्याचा दावा असेल तर राज्याचं नाव मागा, कारण प्रत्येक राज्याच्या विधिमंडळाचं संकेतस्थळ वेगळं असतं.

आणि मजकुरात गेमचं नाव शोधून सापडलं नाही म्हणून थांबू नका. कायद्यात बहुधा ब्रँडचं नाव नसतं. 'व्याख्या' हे कलम पूर्ण वाचा, मग शिक्षेचं कलम. कशावर बंदी आहे (विक्री, अल्पवयीनांना विक्री की जवळ बाळगणं) ते तिथेच कळतं, मथळ्यात नाही.

जुनी_मोहीम
शोधात सापडणाऱ्या बातम्या खऱ्याच असतात. फक्त बंदी घालणारा कोण, हे वाटेत गळतं.

विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉपन तुरुंगात 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'वर बंदी होती आणि २०१०मध्ये सातव्या सर्किटच्या (म्हणजे त्या विभागाच्या) संघीय अपील न्यायालयाने ती कायम ठेवली. टोळीसारखी रचना तयार होईल, हे तुरुंगाचं कारण न्यायालयाला पुरेसं वाटलं. तो त्या तुरुंगाचा नियम होता. भिंतीबाहेरच्या माणसाला तो लागू नाही, पण "कोर्टाने बंदी कायम ठेवली" एवढंच पुढे सरकतं.

१ मार्च १९९०ला ऑस्टिनमध्ये स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळांच्या प्रकाशन कंपनीवर सीक्रेट सर्व्हिस या संघीय तपास यंत्रणेचा छापा पडला. एका नियमपुस्तकाचं हस्तलिखित आणि संगणक नेले, म्हणून 'सरकारने गेम बंद केला' अशी आवई उठते. मुळात तो संगणक-गुन्ह्याचा तपास होता. कंपनीवर कोणताही आरोप ठेवला गेला नाही, पुस्तक त्याच वर्षी निघालं आणि १९९३मध्ये न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला.

१९८०च्या दशकात हा खेळ मुलांना सैतानपूजेकडे नेतो, या भीतीपोटी बरीच ओरड झाली. १९८३मध्ये पॅट्रिशिया पुलिंग यांनी 'बॅड' (बॉदर्ड अबाउट डंजन्स अँड ड्रॅगन्स) ही खेळाविरोधी संघटना काढली. काही शाळांनी क्लब बंद केले, ते मात्र शाळांचे निर्णय होते.

कलमवाचक
यात एक जोडतो. कॅलिफोर्नियाने २००५मध्ये हिंसक व्हिडिओ गेम अल्पवयीनांना विकण्यावर १,००० डॉलरपर्यंत दंडाचा कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने २०११मध्ये तो ७ विरुद्ध २ मतांनी रद्द केला. व्हिडिओ गेमला पुस्तकं-नाटकांसारखंच अभिव्यक्तीस्वातंत्र्याचं संरक्षण आहे, असं कारण दिलं. नियमपुस्तक तर पुस्तकच आहे. 'जवळ ठेवणंही गुन्हा' हा भाग म्हणूनच सर्वात आधी संशयास्पद वाटायला हवा.

वीसबाजू_फासा
क्रमांक टाकून पाहिला. ११८व्या काँग्रेसमध्ये एक विषय निघतो, ११७व्यात दुसराच. दोन्हींत खेळाचा उल्लेख नाही, 'व्याख्या' कलमातही नाही.

कलमवाचक
आत्ताची काँग्रेसही निवडून बघा. शिवाय स्क्रीनशॉटमधलं एखादं पूर्ण वाक्य अवतरणचिन्हांत घालून शोधा. विधेयकाच्या मजकुरात ते नसेल तर ते मेसेज लिहिणाऱ्याचं वाक्य आहे. ग्रुपवर उत्तर टाकताना विधेयकाच्या पानाची लिंकच द्या, पुन्हा स्क्रीनशॉट नको.