वापरलेल्या मासेमारी बोटीची चाल शांत पाण्यात कळते का?

खारा वारा

वापरलेली बोट घेताना तिची चाल कशी पाहावी, या विषयावर इथेच परवा आलेल्या लेखाला उत्तर म्हणून हा स्वतंत्र धागा काढत आहे, कारण तिथल्या दोन ओळींच्या प्रतिसादात माझे म्हणणे मावणार नाही. लेखकाचा सल्ला थोडक्यात असा होता: ट्रान्समपाशी, म्हणजे पिछाडीच्या उभ्या भिंतीपाशी, तळाचा व्ही-आकार किती अंशांचा आहे ते विचारा, त्या मॉडेलची ख्याती तपासा, सकाळच्या शांत पाण्यात वीस मिनिटांची फेरी मारा आणि इंजिन नीट वाटले तर सौदा करा. किनाऱ्यापासून दूर जाणाऱ्या बोटीबद्दल असा सल्ला देणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

मॉडेलची ख्याती असते ती कोऱ्या बोटीची. पंधरा-वीस वर्षे वापरलेली बोट त्याच साच्यातून निघालेली असली, तरी वजनाच्या हिशेबाने ती आता निराळी झालेली असते. डेकखालच्या फोममध्ये पाणी मुरलेले असते, कुणीतरी वर टॉवर चढवलेला असतो, पिछाडीला मोठी शीतपेटी बसवलेली असते आणि जुन्या टू-स्ट्रोक आउटबोर्डच्या (ट्रान्समला बाहेरून लावलेल्या इंजिनांच्या) जागी जड फोर-स्ट्रोक आलेले असतात. यातल्या प्रत्येक फेरफाराने गुरुत्वमध्य हलतो आणि नाळ, म्हणजे बोटीचे पुढचे टोक, लाटेला कोणत्या कोनात भिडणार हेही बदलते. पिछाडी बसलेली आणि नाळ उचललेली बोट समोरच्या लाटेवर तळाच्या मागच्या, सपाट भागाने आपटते. पुढचा धारदार भाग पाणी कापतच नसेल, तर विक्रेत्याने सांगितलेल्या चोवीस अंशांचा खरेदीदाराला काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट लाटेची. एक मीटरची लाट होती, एवढ्याने काहीच कळत नाही. चार सेकंदांनी येणारी लाट खोल पाण्यात शिखरापासून शिखरापर्यंत सुमारे 25 मीटर असते, तर दहा सेकंदांनी येणारी सुमारे 156 मीटर. पहिली नऊ-दहा मीटरच्या बोटीला अखंड आपटवते. दुसरीवर तीच बोट सावकाश वर जाते आणि सावकाश खाली येते. म्हणून माझे म्हणणे असे की टाक्या भरून, नेहमी असतील तितकी माणसे घेऊन, आखूड लाटांत, समोरून, तिरपे, आडवे आणि लाटेबरोबर अशा सर्व दिशांनी बोट चालवून पाहिल्याशिवाय तिच्या चालीबद्दल बोलूच नये.

शांतजल

तो लेख माझा आहे, म्हणून उत्तर देणे भाग आहे. तुमचे बरेचसे म्हणणे पुस्तकी दृष्ट्या योग्य असले, तरी खरेदीदाराला हवामान ठरवता येत नाही. समुद्र खवळेपर्यंत विक्रेता थांबत नाही, आणि अनोळखी बोट पहिल्याच दिवशी खराब समुद्रात नेणे हाही बेजबाबदारपणाच आहे.

शिवाय शांत पाण्याला तुम्ही कमी लेखता. लाटा नसतात तेव्हाच बोटीचे स्वतःचे दोष उघडे पडतात. बोट एका बाजूला कलते का, प्लेनवर यायला, म्हणजे वेगात पाण्याच्या पृष्ठभागावरून सरकू लागायला, किती वेळ घेते, ठरावीक वेगाला नाळ आपोआप वरखाली नाचू लागते का, वेग वाढल्यावर ती एका चाईनवरून (तळ आणि बाजू मिळतात त्या कडेवरून) दुसऱ्या चाईनवर झुलते का, पूर्ण थ्रॉटलला इंजिन उत्पादकाने दिलेल्या आरपीएमच्या पट्ट्यात पोहोचते का, सुकाणू मध्यावर सोडल्यावर बोट सरळ राहते का, हे सारे सपाट पाण्यात स्वच्छ दिसते. लाटांमध्ये प्रत्येक दोषाचे खापर समुद्रावर फोडता येते.

आणि तळाच्या कोनाला बिनकामाचा ठरवण्याआधी इतिहास आठवा. बोटींचे आखणीकार रे हंट यांनी आखलेल्या खोल व्हीच्या ‘मॉपी’ने 1960 साली मायामी ते नासाऊ ही शर्यत खवळलेल्या समुद्रात जिंकली, आणि वेगवान बोटींच्या तळाकडे पाहण्याची दृष्टी त्यानंतर बदलली. तो विजय तळाच्या आकाराचा होता.

खारा वारा

तो विजय नव्या, हलक्या आणि शर्यतीसाठी सज्ज केलेल्या बोटीचा होता. पाणी प्यायलेल्या फोमसकट ती बोट कशी चालली असती, हा इथला प्रश्न आहे, आणि त्याला तुम्ही स्पर्शही केलेला नाही.

तळपाहणी

दोघांनीही बोट पाण्यात असतानाची सर्वांत स्वस्त तपासणी वगळली. धक्क्याला बांधलेल्या बोटीच्या चारही कोपऱ्यांवर डेकच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा आणि उत्पादकाच्या रेखाचित्राशी ताडून पाहा. नऊ-दहा मीटरच्या बोटीचे पाण्याच्या रेषेवरचे क्षेत्रफळ सुमारे 20 चौरस मीटर धरले, तर ती समुद्रात एक सेंटिमीटर खाली बसणे म्हणजे सुमारे 205 किलो वजन वाढणे होय. पाच सेंटिमीटर खाली बसली असेल तर एक टन कुठून आला, याचे उत्तर विक्रेत्याकडून घ्या. तळाच्या रंगाची रेषा मूळ रेषेच्या वर सरकवलेली आढळली किंवा डेकचे पाणी बाहेर सोडणारी भोके नुसत्या उभ्या बोटीत पाण्याखाली दिसली, तर फेरी मारण्याआधीच निम्मा निकाल लागतो.

बोट वर काढल्यावर तळाच्या मागच्या भागाला लांब, सरळ पट्टी लावून पाहा. चुकीच्या आधारांवर वर्षानुवर्षे ठेवलेल्या बोटीच्या तळाला तिथे आतल्या बाजूला खोलगट बाक येतो. तो पिछाडी उचलतो आणि नाळ खाली दाबतो. बाहेरच्या बाजूला फुगवटा असेल तर उलटे घडते आणि बोट नाचते. हा दोष इंजिन किंवा प्रोपेलर बदलून जात नाही. ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा मात्र एकट्याने प्रमाण मानू नये, कारण खाली धातू असला किंवा पृष्ठभाग ओला असला तरी ते यंत्र आकडा फुगवून दाखवते.

सुकाणूधारी

इतकी मोजमापे करण्याऐवजी एकच कसोटी लावावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रिम टॅब, म्हणजे ट्रान्समच्या खालच्या कडेला बसवलेल्या वरखाली होणाऱ्या पट्ट्या, न वापरता जी बोट सरळ आणि मऊ चालत नाही, ती घेऊच नये. टॅब ही तळाच्या आखणीतला दोष झाकण्याची सोय आहे. पूर्वीच्या बोटी टॅबशिवाय समुद्रात जात आणि परत येत. हल्ली सुकाणूवर बसलेला माणूस समोरच्या लाटेकडे पाहण्याऐवजी बटणे दाबत राहतो.

ट्विन डिझेल

हे वाचून राग आला, आणि तो लपवण्याचे मला कारण दिसत नाही. एका बाजूला दोन माणसे आणि भरलेली जिवंत आमिषाची टाकी असेल, वारा दुसऱ्या बाजूने येत असेल आणि बोट वाऱ्याकडे कलत असेल, तर कोणत्या निर्दोष तळाने ती सरळ राहणार आहे? खोल व्हीची बोट वाऱ्याच्या दिशेने कलते, हा दोष नसून त्या आकाराचा स्वभाव आहे. कललेली बोट लाटेला व्हीच्या धारेऐवजी एका बाजूच्या सपाट पृष्ठभागाने भिडते आणि मग माणसांच्या कण्याला दणके बसतात. टॅब वापरून ती सरळ केली की तोच तळ पुन्हा पाणी कापू लागतो. ज्या साधनामुळे आखणीचा पूर्ण उपयोग होतो, त्याला दोष झाकणारी सोय म्हणणे अन्यायाचे आहे.

सुकाणूधारी

अन्याय वगैरे शब्द राहू द्या. माझ्या मेहुण्याने घेतलेल्या बोटीची हकिकत सांगतो. विक्रेत्याने फेरीच्या वेळी दोन्ही टॅब खाली ठेवले होते; समोरच्या लाटेत बोट मऊ चालली, आणि मेहुणा खूश झाला. पुढे मागून येणाऱ्या लाटांत परतताना टॅब तसेच खाली राहिले. नाळ समोरच्या लाटेच्या पाठीत रुतली, पिछाडी उचलली गेली आणि बोट एकदम आडवी वळली. कुणी पाण्यात पडले नाही, एवढेच नशीब. टॅब नसते तर त्या फेरीतच बोटीचा खरा स्वभाव दिसला असता. तुमच्यासारखे लोक टॅबची भलामण करतात, म्हणून असे सौदे होतात.

ट्विन डिझेल

तुमच्या मेहुण्यांवर आलेला प्रसंग गंभीर होता, पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मान्य होण्यासारखा नाही. लाट मागून येत असताना टॅब पूर्ण वर घ्यावेत आणि नाळ मोकळी ठेवावी, हा बोट चालवण्याचा प्राथमिक नियम आहे. सहा सेकंदांनी येणारी लाट खोल पाण्यात सुमारे 18 नॉट (ताशी सुमारे 33 किलोमीटर) वेगाने धावते. त्याच सुमाराच्या वेगाने जाणाऱ्या बोटीने लाटेच्या पाठीवर राहायचे असते, शिखर ओलांडून पुढच्या उतारावर घसरायचे नसते. टॅब खाली आणि वेग लाटेहून जास्त, अशा स्थितीत कोणतीही बोट आडवी जाऊ शकते. दोष साधनाला देऊन चालवणाऱ्याला मोकळे सोडू नका.

सुकाणूधारी

चालवणाऱ्याला मी मोकळे सोडलेले नाही. तो माझ्या घरचा माणूस आहे आणि त्याला मी समोरासमोर सुनावले आहे. पण विक्रेत्याने टॅब आधीच खाली ठेवले होते, ही गोष्ट तुम्ही सोयीस्करपणे ओलांडून गेलात.

तळपाहणी

तुम्ही दोघे भांडत असताना मूळ प्रश्नाला उपयोगी मुद्दा याच हकिकतीत पडून आहे. फेरी सुरू होण्यापूर्वी पिछाडीला जाऊन टॅब कोणत्या स्थितीत आहेत ते डोळ्यांनी पाहावे. डॅशबोर्डवरच्या दिव्यांवर विसंबू नये. एकच टॅब खाली असेल तर बोट एका बाजूला जड आहे आणि ती जडता झाकलेली आहे. त्यानंतर दोन्ही टॅब पूर्ण वर घेऊन, आउटबोर्डचा कल (ट्रिम) मध्यम ठेवून, शांत पाण्यात सरळ रेषेत बोट चालवावी. तेव्हा दिसणारा कल हा बोटीचा स्वतःचा कल. त्या बाजूची टाकी, फोम आणि बॅटऱ्यांची जागा तपासल्याशिवाय पुढे बोलणी करू नयेत.

शांतजल

म्हणजे ही तपासणी शांत पाण्यातच होते, हे अखेर कुणीतरी लिहिले.

खारा वारा

होय, तेवढ्यापुरते शांत पाणी लागते, हे मी मान्य करतो. वीस मिनिटांत सौदा करावा, हे तरीही मान्य नाही.

शांतजल

मग भरलेल्या टाक्यांच्या तुमच्या आग्रहाबद्दलही बोलू. 1000 लिटर डिझेलचे वजन सुमारे 840 किलो होते. तेवढे वजन घेतलेली बोट प्लेनवर उशिरा येते, हे खरे. पण समोरच्या लाटेत ती हलक्या बोटीपेक्षा मऊ चालते, कारण तेवढ्याच धक्क्याने जड बोट कमी उसळते. दिवसभर मासेमारी करून परत येताना टाकी अर्धी झालेली असते आणि वारा सहसा वाढलेला असतो. खरे दणके तेव्हाच बसतात. फक्त टाक्या भरून घेतलेली चाचणी नेमकी ही स्थिती लपवते.

खारा वारा

हा मुद्दा बिनतोड आहे, आणि तो तुमच्याकडून यावा हे मला रुचलेले नाही. तर मग दोन फेऱ्या हव्यात: भरलेल्या टाकीने प्लेनवर येणे, आरपीएम आणि पिछाडीची बैठक पाहावी, हलक्या टाकीने समोरच्या आखूड लाटेतली आपट पाहावी. विक्रेता दोन फेऱ्यांना तयार नसेल, तर निदान पहिल्या फेरीत टाकी किती भरलेली होती ते लिहून ठेवावे आणि दुसऱ्या स्थितीबद्दल कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवू नये.

संथ चाल

सगळा धागा वाचला आणि एक गोष्ट खटकली. मासे मारायला जाणारी बोट दिवसाचा मोठा भाग इंजिन बंद करून वाहत असते किंवा सहा-सात नॉटने गळ ओढत असते. प्लेनवरची चाल पाहून बोट निवडणारे आणि नंतर आडव्या लाटेत डेकवर उभे राहता येत नाही म्हणून तक्रार करणारे मी कितीतरी पाहिले आहेत. माझा निकष साधा आहे. लाटेला आडवी करून इंजिन बंद करा, आणि जी बोट सावकाश, गुळगुळीत डोलते ती घ्या. झटके देऊन परत येणारी बोट माणसाला दुपारपर्यंत थकवते. खोल व्हीच्या बोटी उभ्या असताना जास्त डोलतात, आणि त्यांच्या कौतुकात ही गोष्ट कुणी सांगत नाही.

तळपाहणी

तुमच्या तक्रारीचा पहिला अर्धा भाग योग्य आहे. वाहत्या बोटीची चाचणी वर कुणीही सुचवली नव्हती, आणि ती व्हायलाच हवी. दुसरा अर्धा भाग मात्र धोकादायक आहे आणि तो वाचून कुणी बोट घेऊ नये. सावकाश डोलणे हे आरामाचे लक्षण आहे, तसेच स्थिरता कमी असल्याचेही लक्षण आहे. वर टॉवर, त्यावर दुसरे सुकाणू आणि छतावर सामान चढवलेली बोट अधिक सावकाश डोलते, कारण तिचा गुरुत्वमध्य वर गेलेला असतो आणि तिला सरळ करणारे बळ घटलेले असते. धक्क्याजवळ, दोर सैल सोडून, बोट एका बाजूला दाबून सोडा आणि एका पूर्ण डोलण्याला किती सेकंद लागतात ते मोजा. ढोबळ नियम असा की सेकंदांचा आकडा बोटीच्या मीटरमधल्या रुंदीच्या आकड्याहून कमी असावा. तीन मीटर रुंद बोट चार सेकंद घेत असेल आणि प्रत्येक बाजूला टोकाशी क्षणभर रेंगाळत असेल, तर तुमचा निकष तिला उत्तम ठरवील आणि मी तिच्यावर पाऊल ठेवणार नाही.

संथ चाल

मी मंद डोलण्याबद्दल लिहिले होते, रेंगाळण्याबद्दल नाही. टोकाशी रेंगाळणारी बोट वाईट, हे मलाही ठाऊक आहे. सेकंद मोजण्याची सूचना उपयुक्त आहे, इतके म्हणतो. पण रुंदीच्या नियमात अगदी चोख बसणारी बोटसुद्धा दिवसभर उभे राहण्याच्या लायकीची नसते, हे कुठल्याही आकड्यात दिसत नाही. त्यासाठी अर्धा तास डेकवर हात न धरता उभे राहावे लागते.

ट्विन डिझेल

अर्धा तास उभे राहताना आमिषाच्या टाकीत पाणी भरून ठेवा. अर्धवट भरलेल्या टाकीतले पाणी बोट कलते त्याच बाजूला धावते आणि कल वाढवते, त्यामुळे रिकाम्या टाकीने केलेली डोलण्याची चाचणी फसवी ठरते. आणि पिछाडीने लाटेत मागे जाऊन पाहायला विसरू नका. मासा लागलेला असताना हेच करायचे असते, आणि तेव्हा पाणी ट्रान्समवरून किती आत येते व ते किती वेळात बाहेर जाते, हे सौद्याआधी कळलेले बरे.

शांतजल

लेखात मी तीन गोष्टी जोडत आहे: टॅब पूर्ण वर घेऊन सरळ फेरी, चारही कोपऱ्यांवरची उंची आणि डोलण्याचे सेकंद. लाटांमधली चाचणी शक्य असेल तर करावी, असेच लिहीन. ती झाल्याशिवाय बोट घेऊच नये, असे लिहिणार नाही.

खारा वारा

तर मग त्याच परिच्छेदात हेही लिहा की लाटांमधली चाचणी झालेली नसेल, तर पुन्हा फेरी मारता येईपर्यंत पैशांचा मोठा भाग रोखून ठेवण्याची अट लेखी करारात घालून घ्यावी. विक्रेता या अटीला नकार देत असेल, तर तो नकार कशासाठी आहे ते त्यालाच विचारावे.

शांतजल

अट लिहितो. कारण विचारण्याचे काम खरेदीदाराचे आहे.