अनुबियास नानाची पानं देठासकट सुटतायत, उरलेल्यांवर काळं शेवाळ

जलपर्ण:
माशांची टाकी ६० लिटरची. तळाला ३-४ मिमीची खडी, वर १८ वॅटचा एलईडी, रोज १० तास चालू. तापमान २६ अंश, पीएच ७.२. मासे: १० निऑन टेट्रा, ६ कोरीडोरास. सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) वेगळा दिलेला नाही. दीड महिन्यापूर्वी अनुबियास नाना या पाण्यात वाढणाऱ्या वनस्पतीची तीन रोपं खडीत लावली. एकाची पानं आता नुसता हात लावला तरी सुटून येतात, देठाचं खालचं टोक पारदर्शक आणि लिबलिबीत झालंय. बाकी दोन रोपांच्या जुन्या पानांच्या कडांना काळे, केसाळ झुपके आलेत. मुळांजवळ खताच्या गोळ्या घालू का? प्रकाश कमी पडतोय का?

पाणथळ:
गोळ्या नकोत आणि प्रकाश तर अजिबात वाढवू नका. तुमचे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. पानं सुटणं म्हणजे रायझोम कुजणं. शेवाळाचा त्याच्याशी संबंध नाही.

रायझोम म्हणजे ज्यातून वर पानं आणि खाली मुळं फुटतात ते जाड, आडवं खोड. पश्चिम आफ्रिकेत ही वनस्पती ओढ्यांच्या काठी दगडांना, ओंडक्यांना धरून वाढते. खोड खडीत गाडलं की त्याच्याभोवती पाणी खेळत नाही, प्राणवायू कमी पडतो आणि ते खालच्या बाजूने सडायला लागतं. वरून पानं हिरवीगार दिसतात, म्हणून पत्ता लागत नाही.

तिन्ही रोपं आजच बाहेर काढा. मुळांत विकतच्या कुंडीतला लोकरीसारखा तंतूंचा गोळा (रॉकवूल) अडकला असेल तर चिमट्याने पूर्ण काढा, सड बऱ्याचदा तिथूनच सुरू होते. मग रायझोम बोटाने दाबत जा. निरोगी भाग टणक असतो. सडलेला मऊ, तपकिरी आणि घाण वासाचा. धारदार ब्लेडने सडका भाग कापा आणि कापाचा छेद बघा. आत पांढरट-हिरवा, कडक गर दिसेपर्यंत थोडं थोडं कापत राहा. छेदात तपकिरी ठिपका जरी उरला तरी सड पुढे सरकते. प्रत्येक कापानंतर ब्लेड पुसा, आणि निरोगी रोपांना आधी हात घाला, आजारी रोप शेवटी. लांब मुळं ४-५ सेंमीवर छाटली तरी चालतं.

हिरवा_कोपरा:
वरच्या सगळ्याला दुजोरा. रोपं आता खडीत परत न लावता लाकडाला किंवा दगडाला बांधायची, त्याबद्दल थोडं: सुती दोरा वापरा असं सगळीकडे सांगतात, पण अनुबियास इतकी सावकाश वाढते की मुळं लाकूड धरायच्या आत दोरा कुजून तुटतो आणि रोप तरंगायला लागतं. त्यापेक्षा मासेमारीची बारीक नायलॉन दोरी बरी, किंवा जेल प्रकारचा सुपर ग्लू. त्यात सायनोअॅक्रिलेट आहे ना, तेवढं पाकिटावर बघून घ्या. लाकडाचा किंवा दगडाचा तेवढा भाग फडक्याने टिपून घ्या, मुळांवर दोन थेंब लावा, अर्धा मिनिट दाबून धरा आणि लगेच पाण्यात सोडा. पाण्यात ग्लू पांढरा पडतो, काही बिघडत नाही. दोरी वापरलीत तर रायझोमला करकचून आवळू नका, आवळलेल्या जागी तो चिरतो.

खताच्या गोळ्यांचा इथे उपयोग शून्य, कारण मुळं खडीत राहणारच नाहीत. द्रवरूप खत द्या, बाटलीवरच्या मात्रेच्या निम्मं, आठवड्यातून एकदा, पाणी बदलल्यावर. नायट्रेट माशांमुळे मिळतं. कमी पडतं ते बहुधा पोटॅशियम. जुन्या पानांवर टाचणीएवढी भोकं पडून त्यांच्या कडा पिवळ्या झाल्या की समजायचं. नवीन पान फिकट येत असेल तर लोह कमी आहे.

शेवाळशत्रू:
शेवाळाचं बोलतो. काळे केसाळ झुपके म्हणजे ब्लॅक बिअर्ड नावाचं शेवाळ. अनुबियासचं एक पान कित्येक महिने टिकतं आणि नवीन पान यायला तीन-चार आठवडे लागतात. एवढ्या संथ पानावर शेवाळाला बस्तान बसवायला भरपूर वेळ मिळतो. त्यात तुमचा १० तासांचा प्रकाश. तो ६ तासांवर आणा, टायमर लावा. रोपं उंच झाडांच्या किंवा ओंडक्याच्या सावलीत ठेवा. दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदला आणि फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळा.

आत्ता रोपं बाहेर काढणारच आहात तर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ब्रशने फक्त शेवाळ असलेल्या पानांवर लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, स्वच्छ पाण्याने धुऊन काढा. रायझोमला आणि मुळांना लागू देऊ नका. दोन-चार दिवसांत झुपके गुलाबी, मग पांढरे पडतात. निम्म्याहून जास्त पान झाकलं असेल तर या खटाटोपात पडू नका, देठ रायझोमजवळून कापून टाका. ब्लीचमध्ये बुडवा असा सल्लाही मिळेल. जमतं ते, पण मात्रा किंवा वेळ चुकला तर रोपच जातं. आणि ब्लीच व पेरॉक्साइड एकत्र कधीच नाही.

जलपर्ण:
खोदून पाहिलं. तिन्ही रोपांचे रायझोम गाडलेलेच होते. सडलेल्यातून दोन तुकडे वाचतील, एकाला चार पानं आहेत, दुसऱ्याला एकच. ठेवू का? आणि शेवाळ खाणारा मासा आणू का? सायामीज अल्गी ईटर सुचवलाय.

पाणथळ:
तीन-चार पानांचा तुकडा हमखास जगतो. एका पानाचाही जगू शकतो, रायझोम टणक असेल तर. फक्त वेळ फार घेईल. तो वेगळ्या भांड्यात ठेवा, म्हणजे सड परतली तर बाकीच्यांना लागणार नाही. नवीन फुटवा रायझोमच्या टोकाला किंवा कापाच्या मागच्या डोळ्यातून येतो.

शेवाळशत्रू:
तो मासा ब्लॅक बिअर्ड खरंच खातो, पण १५ सेंमीपर्यंत वाढतो आणि त्याला पोहायला जागा लागते. ६० लिटरमध्ये नको. अमानो कोळंबी पाच-सहा सोडा. पेरॉक्साइडने मेलेलं शेवाळ त्या साफ करतात, जिवंत झुपक्यांना मात्र फारसं तोंड लावत नाहीत.

हिरवा_कोपरा:
कोरीडोरास रोपं खातील अशी भीती असेल तर ती मनातून काढा. अनुबियास अळूच्याच कुळातली, पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात. गोल्डफिशसुद्धा सहसा तिच्या वाटेला जात नाहीत. चिकटवलेली रोपं पहिले दोन महिने जागची हलवू मात्र नका. मुळांनी लाकूड धरलंय का हे बघायला ओढून पाहिलं की धरलेली मुळंही सुटतात.