काल्पनिक लीगमध्ये आमच्या तालमी कुठं गेल्या?

पेठकर: 'गोलपोस्ट' यांनी काल या मंचावर महाराष्ट्राची काल्पनिक व्यावसायिक फुटबॉल लीग मांडली. आठ संघ, त्यात 'कोल्हापूर किंग्ज' नावाचा एक. वर त्यांनी लिहिलंय की तालमीबिलमी, म्हणजे आमचे पेठांतले फुटबॉल संघ, ठीक आहेत, पण शहराची एकच ओळख लागते; आणि पहिली दहा वर्षं रेलिगेशन (तळाच्या संघाला खालच्या गटात पाठवणं) नको, म्हणजे मालक टिकतील. दोन ओळींत उत्तर देऊन माझा राग गेला नाही, म्हणून हा वेगळा धागा.

कोल्हापूरची एकच ओळख असती तर इथं फुटबॉल उरलाच नसता. पाटाकडील (पीटीएम) आणि खंडोबा या दोन तालमी एका जर्सीत घालणार? शाहू स्टेडियम भरतं ते पीटीएम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी तरुण, फुलेवाडी या नावांवर. 'किंग्ज'साठी आमच्या पेठेतलं एक म्हातारं माणूस दुपारच्या उन्हात बसणार नाही. तळातल्या दोन संघांच्या मॅचलासुद्धा गर्दी होते, कारण वरचा गट टिकवायचा असतो. ती भीतीच तुम्ही काढून टाकताय.

आणि मालक टिकतात म्हणे! पुणे एफसी २०१५ ला संपला. आयएसएलमधला (इंडियन सुपर लीग) एफसी पुणे सिटी २०१९ ला गुंडाळला, त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादनं २०२१-२२ ला आयएसएल जिंकली, तरी २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला नेला. दिल्लीचा आधीचा संघ २०१९ मध्येच भुवनेश्वरला गेला होता. पुणे एफसी सोडला तर यातल्या एकालाही रेलिगेशनची भीती नव्हती. कोण टिकलं?

गोलपोस्ट: पुण्याचे क्लब पैसा आटला म्हणून गेले. पुणे सिटीला रेलिगेशन असतं तर आणखी लवकर आटला असता. अमेरिकेची फुटबॉल लीग एमएलएस १९९६ पासून रेलिगेशनशिवाय चालू आहे. वर्गणी आणि एखाद्या नेत्याची देणगी यावर बारा महिने पगार, फिजिओ, अकादमी होत नाही. अनिकेत जाधव कोल्हापूरचाच ना? २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकापर्यंतची त्याची वाट पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून गेली.

पेठकर: एमएलएसनं २००२ च्या सुरुवातीला फ्लोरिडातले दोन्ही संघ बंद केले, तेही सांगा की. अनिकेतचं मान्य. पण त्याला लहानपणी फुटबॉलचं वेड कुठं लागलं?

मडगावकर: गोव्याचं कुणी बोलेल म्हणून वाट बघत होतो. आमचा डेंपो क्लब पाच वेळा राष्ट्रीय विजेता. २०१६ साली डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन क्लब आय-लीग, म्हणजे तोवरची देशाची मुख्य लीग, सोडून गेले, कारण आयएसएलला वरचं स्थान देऊन आय-लीग दुय्यम करायचं चाललं होतं. माझे बाबा फातोर्ड्याच्या स्टेडियमवर साळगावकर-चर्चिल मॅच बघायला दुकान लवकर बंद करायचे. एफसी गोवाचा केशरी शर्ट मी आणून दिला, घालतात. पण 'आमचे' म्हणतात ते साळगावकरच्या पोरांना.

२०१५-१६ चा आय-लीगचा तक्ता काढून बघा. सगळ्यात तळाला पुण्याचा डीएसके शिवाजीयन्स. पण तो थेट प्रवेश घेऊन आलेला, म्हणून त्याला अभय; खाली पाठवला त्याच्या वरच्या, मिझोरामच्या ऐझॉलला. आमचे क्लब गेल्यावर जागा रिकामी झाली, ऐझॉलला परत बोलावलं आणि पुढच्याच मोसमात ऐझॉल विजेता! पैशावर संघ निवडला असता तर ऐझॉल कुठं असता?

बालेवाडीकर: ऐझॉलच्या संघात मिझो पोरं खेळत होती. तुमच्या तालमीत कोण खेळतं? नायजेरियाहून खेळाडू आणायचे आणि वर 'पेठेची अस्मिता' म्हणायचं. मग किंग्जनं काय पाप केलं?

पेठकर: चार परदेशी आले म्हणून तालीम परकी होत नाही. पोरं त्यांच्याकडून शिकतात.

मंगळवारची: काय शिकतात? माझा भाचा स्ट्रायकर. सकाळी सहाला गांधी मैदानावर, संध्याकाळी पुन्हा सराव. सीझन आला की त्याच्या जागी बाहेरचा, आणि हा बाकावर पाण्याच्या बाटल्या सांभाळत. तालमीचं नाव घेत नाही, घरातलेच लोक आहेत. त्यानं खेळ सोडला, आता शिरोलीत कामाला जातो.

पेठकर: भाच्याचं वाईट वाटलं, ताई. पण कदाचित तो तेवढा तयार नसेल.

मंगळवारची: तुम्ही त्याला खेळताना बघितलंय? नसेल तर बोलू नका. आणि स्टेडियमचंही सांगते. वडिलांबरोबर लहानपणापासून जात होते. एका फायनलला दगड सुरू झाले, माझ्या शेजारच्या पोराचं कपाळ फुटलं, पोलिसांच्या काठ्या पडल्या. तेव्हापासून आई मला पाठवत नाही. अस्मिता अस्मिता म्हणून टाळ्या वाजवणारे तेव्हा भिंतीवरून उड्या मारून पळत होते.

बालेवाडीकर: हेच म्हणतोय मी!

मंगळवारची: तुम्ही हे म्हणत नव्हता. तुम्हाला तालमी नकोत. मला तालमीच पाहिजेत, पण अकरातली निम्मी पोरं पेठेतली पाहिजेत आणि बायकांना निवांत बसता आलं पाहिजे. किंग्ज आला तर ही दोन्ही भांडणं करायला माझ्याकडं माणूसच उरणार नाही. तालमीच्या अध्यक्षाला मी दारात जाऊन विचारू शकते. मुंबईतल्या मालकाला कुठं गाठू?

गोलपोस्ट: हा मुद्दा मला खोडता येत नाही. ठीक आहे, 'किंग्ज' काढतो. कोल्हापूरला दोन जागा, केएसएच्या (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) लीगमधले पहिले दोन संघ, स्वतःच्या नावानं. रेलिगेशन तिसऱ्या मोसमापासून. पण पगाराची बँक हमी प्रत्येक तालमीनं आधी द्यायची, आणि स्टेडियमवर दगड पडला की तीन गुण कापायचे. यात सूट नाही.

पेठकर: गुण कापा, आमची हरकत नाही. हमीचं कठीण आहे, पण बघू. तिसऱ्या मोसमापासून का? पहिल्यापासून.

मंगळवारची: आणि निम्म्या पोरांचं? त्यावर दोघंही गप्प का?