मदत हवी आहे: कारागृहातल्या प्रश्नावलीसाठी बोलीतले शब्द

नमस्कार मंडळी,

मी समाजकार्य विषयात पीएचडी करते आहे. विषय आहे न्यायाधीन बंद्यांमधलं व्यसन आणि मानसिक आजार. न्यायाधीन म्हणजे खटला अजून चालू असलेला, लोक 'कच्चा कैदी' म्हणतात तो. प्रश्नावली तयार आहे, पण तिच्यातल्या मराठीपाशी अडले आहे.

मी या विषयाकडे वळले ते आकडे वाचून. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने तिथल्या मध्यवर्ती कारागृहात ५,०२४ बंद्यांची पाहणी केली, तेव्हा ७९.६ टक्के जणांना मानसिक आजार किंवा व्यसन यांपैकी काहीतरी निघालं. व्यसन बाजूला ठेवलं तरी २७.६ टक्के उरले. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या 'प्रोजेक्ट ३९ए' या गटाने २०२१ मध्ये फाशीची शिक्षा झालेल्या ८८ जणांचा अभ्यास मांडला, त्यात ६२.२ टक्के जणांना मानसिक आजार होता. पण आकडा शेवटी उत्तरातून निघतो, आणि समोरच्याला प्रश्नच कळला नसेल तर?

आत जायची परवानगी अजून यायची आहे, म्हणून जामिनावर सुटलेल्यांशी आणि बंद्यांना भेटायला आलेल्या घरच्यांशी बोलून प्रश्नावली तपासते आहे. बुलढाण्याकडच्या एका दादांना विचारलं, "गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास किंवा निराश वाटलं?" ते म्हणाले, "नाही वाटलं." मी शून्य लिहिलं. कागद आवरले, चहा आला, आणि कप हातात तसाच धरून ते बोलायला लागले, "आत गमेच नाही ताई. जेवन गळ्याखाली उतरे नाही. चादर तोंडावर घेऊन पडून राहो." कागदावर मात्र शून्यच. त्या दिवसापासून आधीच्या सगळ्या शून्यांवरचा माझा विश्वास उडाला आहे.

दुसरी गोष्ट एका मावशींची. कारागृहाच्या फाटकाबाहेर कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुलगा रोज पिणारा. पोलीस कोठडीत तिसऱ्या रात्री तो भिंतीवरून न दिसणारे किडे वेचत होता, असं त्याच्या सोबतच्याने त्यांना नंतर सांगितलं. कोठडीत सगळ्यांना वाटलं, नाटक करतोय. रोजची दारू एकदम थांबली की पहिल्या दिवशी हात थरथरतात, दुसऱ्या दिवसापर्यंत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत हे असले भास सुरू होतात. औषध मिळालं नाही तर माणूस दगावू शकतो. अटकेनंतरचे नेमके तेच दिवस! मी वाचलं, "दारू बंद केल्यावर काही त्रास झाला का?" मावशी म्हणाल्या, "बंद केली कुठं बाई, बंद झाली." माझा तो प्रश्न मी तिथेच खोडला.

तर जाणकारांनो, तुमच्या भागात हे कसं बोलतात ते सांगा. उदासीला शब्द हवेत: वऱ्हाडात 'गमत नाही', पुण्याकडे 'करमत नाही', पण मराठवाड्यात, खानदेशात, कोकणात? कानात आवाज येण्याबद्दल विचारलं की लोक कान फुटल्याचं सांगतात. 'अस्तित्वात नसलेले आवाज' हे तर कुणालाच कळत नाही. गर्द (ब्राऊन शुगर) पिणाऱ्यांचा, नशा न मिळाल्यावर होणाऱ्या त्रासासाठीचा 'टर्की' हा शब्द मुंबईत चालतो, बाहेर काय म्हणतात? आणि जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल कसं विचारावं, की माणूस दुखावणार नाही आणि खरं बोलेल? 'हो' म्हटलं तर त्याला तिथल्या तिथे समुपदेशकापर्यंत न्यायचं, हे मी पक्कं ठरवलं आहे.

शेवटचं आणि सगळ्यात अवघड म्हणजे संमतीपत्र. एक ओळ वाचायच्या आत त्याच मावशींनी डावा अंगठा पुढे केला. "शाई कुठंय? यानं जामीन मिळंल ना?" मला पुढे बोलवेना.

जालन्याची सिस्टर
ताई, सरकारी दवाखान्यात अनेक वर्षं काढली. उदासीला आमच्याकडे 'जीव लागत नाही' म्हणतात. आवाजांसाठी मी विचारायची, "जवळ कुणी नसताना कुणी हाक मारल्यासारखं, बोलल्यासारखं होतं का?" बायका लगेच सांगायच्या. काहींना ती बाहेरची बाधा वाटते. तिथे वाद घालू नका, आधी सगळं ऐकून घ्या. दारूसाठी "मिळाली नाही त्या दिवशी अंगात काय काय झालं?" असं विचारा.

तालुका कोर्टातला वकील
संमतीबद्दल दोन गोष्टी. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ९९ प्रमाणे मानसिक आजार असलेल्या माणसाची मुलाखत संशोधनासाठी घ्यायची तर त्याची स्वतःची, समजून दिलेली संमती लागते. आईचा अंगठा पुरत नाही. आणि एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम २७ खाली नशा करणं हाच गुन्हा आहे, त्यामुळे "गांजा ओढता का" याचं उत्तर असलेल्या कागदावर नाव, गाव, केस नंबर काहीही नको. कागद कोर्टाचा वाटेल असंही काही नको. शिक्का, गोल मोहोर काढून टाका.

धागाकर्ती
सिस्टर, तुमचे दोन्ही प्रश्न जसेच्या तसे घेतले. वकीलदादा, शिक्का काढला आणि संमतीपत्राची सुरुवात अशी केली: "हा कागद कोर्टाचा नाही, वकिलाचा नाही. यानं जामीन मिळत नाही आणि अडतही नाही. नको म्हणालात तरी चालेल." हे मी वाचून दाखवणार, मग थांबणार, आणि काय कळलं ते त्यांच्याच तोंडून ऐकल्यावर पुढे जाणार. खानदेशातलं कुणी अजून आलेलं नाही. अहिराणी बोलणाऱ्यांनी कृपया लिहा, पुढच्या आठवड्यात एथिक्स कमिटीपुढे प्रश्नावली द्यायची आहे.