मॉडिफाइड वी आणि सुपर निंटेंडोचे धूसर चित्र
सुपर निंटेंडो या जुन्या गेम-यंत्राचे खेळ मॉडिफाइड वीवर (बाहेरचे प्रोग्राम चालावेत म्हणून बदल केलेल्या निंटेंडोच्याच नंतरच्या यंत्रावर) धूसर दिसतात आणि दोष एम्युलेटरचा, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचा आहे, असे एका प्रतिसादात म्हटले आहे. निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष मात्र पटत नाही. मूळ यंत्र बहुतेक खेळांत २२४ रेषांचे पूर्ण चित्र सेकंदाला सुमारे ६० वेळा काढत असे. साध्या तारेने जोडलेला वी तेच चित्र ताणून ४८० रेषांचे करतो, त्या रेषा सम-विषम अशा दोन हप्त्यांत पाठवतो आणि लुकलुक झाकण्यासाठी वर एक हलका फिल्टरही चढवतो. धूसरपणा मुख्यतः तिथला आहे.

स्नेसनाइनएक्स जीएक्स या वीवरच्या सुपर निंटेंडो एम्युलेटरच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल' हा पर्याय निवडला, की वी २४० रेषांचा जुन्या पद्धतीचा सिग्नल देऊ लागतो. आमच्या घरी अजून टिकून असलेल्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर (तो विकला नाही हे बरेच झाले) हा बदल केल्यावर कोपऱ्यातले गुणांचे आकडे एकदम रेखीव झाले आणि दोन रेषांमधल्या बारीक काळ्या फटीही दिसू लागल्या. सपाट टीव्ही असेल तर मात्र फार आशा धरू नये, कारण असे अनेक संच हा सिग्नल ४८० रेषांचाच समजून त्यावर प्रक्रिया करतात आणि काही तर कंपोनंट तारेवरून (चित्राचा सिग्नल तीन वेगळ्या तारांत विभागून नेणाऱ्या जोडणीवरून) तो स्वीकारतच नाहीत.